मधल्या जमिनीचे शास्त्र

अजिंठ्याच्या डोंगरापासून नाथसागरापर्यंतचा मुलूख एकत्र वाचायला शिकवणारी विद्याशाखा, तिचे काम, आणि मराठवाड्यातल्या मुलामुलींना तिच्यात असलेली जागा.

मार्च २०२१मध्ये कन्नडच्या डोंगरात, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यापुढून एक वाघ गेला. बिबट्या, तरस, रानडुक्कर यांची छायाचित्रे इथे नेहमीची. वाघ मात्र या डोंगरांतून कित्येक दशकांपूर्वी नाहीसा झाला होता. प्रत्येक वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते. ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली तेव्हा पाहुण्याचे मूळ ठिकाण कळले: यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य. सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरहून लांब.

टिपेश्वर आणि गौताळा यांच्यामध्ये सलग जंगल नाही. कापूस, सोयाबीन, तूर, मका यांची शिवारे आहेत, गावे आहेत, महामार्ग आणि कालवे आहेत. त्यांच्या अधूनमधून टेकड्या, ओढे, गायराने आणि बाभळीची बने. एवढ्या वस्तीतून ते जनावर वाट काढत आले. हा प्रवास कसा होतो हे टिपेश्वरच्याच दुसऱ्या एका तरुण नराने दोन वर्षे आधी दाखवून दिले होते. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडले आणि तेलंगणाचा आदिलाबाद, आपल्याकडचे नांदेड, हिंगोली असे जिल्हे ओलांडत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी भटकंती मिळून त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या आसपास भरली.

वाघाची बातमी होते आणि दोन दिवसांत विरून जाते. त्यातला टिकाऊ प्रश्न मधल्या जमिनीचा आहे. कोणता ओढा वाट झाला? कोणता रस्ता आडवा आला? ज्वारीच्या उभ्या रानाने आडोसा दिला तो किती दिवस? या प्रश्नांची रीतसर उत्तरे शोधणाऱ्या विद्याशाखेचे नाव भूदृश्य परिसंस्थाशास्त्र, म्हणजेच लँडस्केप इकॉलॉजी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याइतकी या शास्त्राला साजेशी प्रयोगभूमी महाराष्ट्रात फार थोडी असेल, आणि तरीही इथल्या कॉलेजांतल्या मुलांच्या कानावर त्याचे नाव क्वचितच पडते. या लेखाचे कारण तेच.

विमानातून दिसलेली जमीन

जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९मध्ये हे नाव पहिल्यांदा वापरले. विमानातून काढलेली छायाचित्रे तेव्हा अभ्यासकांच्या हाती नुकती पडू लागली होती. जमिनीवर उभे राहिले की झाड दिसते, माती दिसते, एखादा ओढा दिसतो. वरून पाहिल्यावर त्यांची एकमेकांशी असलेली मांडणी दिसते. कोणत्या दगडावर कोणते गवत, कोणत्या उतारावर शेत, पाण्याच्या कोणत्या वळणावर गाव, हे एकाच चौकटीत आले. भूगोल आणि परिसंस्थाशास्त्र या दोन विद्या एकमेकींच्या शेजारी बसल्या.

पुढे १९६७मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. बेट लहान असले आणि मुख्य भूमीपासून दूर असले, की तिथे कमी प्रजाती टिकतात. शेतांनी वेढलेल्या जंगलाच्या तुकड्यालाही हेच लागू पडते का, असा विचार सुरू झाला. बऱ्याच अंशी लागू पडते, पण एक मोठा फरक आहे. बेटाभोवती समुद्र असतो. जंगलाभोवतीच्या शेतातून हरीण, लांडगा, पक्षी, परागकण, बियाणे ये-जा करू शकतात. ती ये-जा किती सोपी आणि किती अवघड, हे त्या मधल्या जमिनीवर ठरते.

१९८२मध्ये या शास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात स्थापन झाली. १९८६मध्ये रिचर्ड फोरमन आणि मिशेल गोद्रों यांचा ग्रंथ आला आणि आज सर्वत्र वापरली जाणारी तीन पदांची मांडणी त्यातून रूढ झाली. पहिले पद तुकडा: भोवतालापेक्षा वेगळा असलेला जमिनीचा भाग, मग ते जंगल असो, तळे असो वा माळ. दुसरे मार्ग: तुकड्यांना जोडणारी पट्टी, उदाहरणार्थ ओढ्याकाठची झाडी. तिसरे पसारा: ज्यात हे सारे वसलेले असते ती सर्वांत मोठी जमीन. मराठवाड्यात हा पसारा म्हणजे शेती.

देवगिरीच्या किल्ल्यावर बारादरीपर्यंत चढून चहूकडे पाहिले तर ही तीनही पदे उघड्या डोळ्यांनी दिसतात. उत्तरेला खुलताबाद, सुलीभंजन, म्हैसमाळ यांच्या टेकड्या, पायथ्याशी सीताफळीच्या झुडपांचे उतार, त्यांतून निघालेल्या ओढ्यांच्या हिरव्या रेघा आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर शेते. या साऱ्याला छेदून समृद्धी महामार्गही गेलेला आहे. मांडणी बदलली की पाणी, माती, जनावरे आणि माणसे यांचे वागणे कसे बदलते, हे तपासणे हा या शास्त्राचा गाभा.

डोंगराचे दोन उतार

अजिंठ्याची रांग हा तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधला पाणलोटाचा कणा आहे. अजिंठा लेण्यांच्या दरीतली वाघूर उत्तरेला तापीकडे जाते. कन्नडच्या डोंगरातून निघालेली शिवना दक्षिणेला गोदावरीकडे येते. डोंगराच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब गुजरातेत समुद्राला मिळू शकतो आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा आंध्रात.

या भूगोलाची जाण इथे चारशे वर्षांपूर्वीही होती. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी गाव, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, राजधानी म्हणून वसवले तेव्हा शहराला पाणी कुठून द्यायचे हा प्रश्न होता. उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी भुयारी नहरींत घेऊन केवळ उताराच्या जोरावर ते शहरात खेळवण्यात आले. नहर-ए-अंबरीचे बंबे आजही जुन्या शहरात उभे आहेत. पुढे पाणचक्कीलाही डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळांनी आणले गेले. या सगळ्या योजनेत एक गोष्ट गृहीत धरली होती: वरचा डोंगर झाकलेला राहिला तरच खाली पाणी येईल. जलसंधारणात आज ‘माथा ते पायथा’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. अंबरच्या नहरीचा सगळा कारभार त्याच तत्त्वावर चालला होता.

खाम नदी याच डोंगरांतून जटवाड्याकडून येते, हर्सूलच्या तलावात थबकते, शहरातून वाहते, पुढे वाळूजच्या बाजूने जाऊन नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, मिळते. शहराचे पिण्याचे पाणी कुठून येते? नाथसागरातून. शहराने खाममध्ये सोडलेले सांडपाणी शेवटी त्याच जलाशयात उतरते जिथून शहर पाणी उचलते. नळ आणि नाला ही दोन खाती महापालिकेत वेगळी असतील. जमिनीवर ती एकच आहेत.

२०२०-२१मध्ये महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून खाम नदी पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. लोखंडी पुलाजवळचा काठ पाहिला तर कामाची दिशा कळते. आधी कचरा काढला, नाल्यांची तोंडे शोधली, काठाला दगडांचे बांध घातले, देशी झाडे लावली, लोकांना बसायला जागा केली. तिथे जाणाऱ्याने बागेपेक्षा काठाकडे नीट पाहावे. पाणी आणि रस्ता यांच्यामध्ये काही मीटरांची झाडीची पट्टी उरली, की पावसाबरोबर रस्त्यावरून वाहत येणारी माती, तेल, प्लास्टिक तिच्यात अडते. खंड्या आणि ढोकरी यांना बसायला फांदी मिळते. उन्हाळ्यात पाण्यावर सावली राहते. नदीकाठची अशी पट्टी हाच ‘मार्ग’ आणि तीच गाळणी. तिची रुंदी किती हवी, कुठे तुटली तर चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही, हे मोजून सांगणारा माणूस म्हणजे भूदृश्याचा अभ्यासक.

नाथसागराची सरकती कड

जायकवाडी प्रकल्प १९७६मध्ये पूर्ण झाला. शंभरहून अधिक गावे पाण्याखाली गेली, आणि कोरड्या मराठवाड्यात समुद्रासारखा पसरलेला उथळ जलाशय तयार झाला. १९८६मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झाले. रोहित, पट्टकादंब हंस, करकोचे, नाना जातींची बदके हिवाळ्यात इथे उतरतात. माणसाने बांधलेल्या धरणाने मोठी पाणथळ जागा जन्माला घातली, हेही भूदृश्याच्या इतिहासाचेच पान.

धरण भरले की पाण्याची पातळी १५२२ फूट. पुढे महिन्यामहिन्याने ती उतरते आणि पाण्याची कड मागे सरकत जाते. सोनेवाडीच्या बाजूने उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले तर हे सरकणे पायाखाली जाणवते. आधी भेगाळलेली काळी माती, मग मऊ गाळ, मग बोटभर पाणी. या शेवटच्या दोन पट्ट्यांत पक्ष्यांचे पोट आहे. रोहित चोच उलटी करून उथळ पाणी गाळतो, तुतारी आणि चिखल्या गाळात चोची खुपसतात. याच पट्ट्यांत माणसांचेही पोट आहे. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेराची शेती होते. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांसाठी तिचे मोल मोठे. शिवाय जाळी टाकणारे मच्छीमार आहेत, चारणीची गुरे आहेत. एकाच कडेवर चौघांचा हक्क, आणि ती कड रोज हलते.

या जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचे ठरले, तेव्हा मच्छीमारांच्या कहार समाज पंचायत समितीने हरित लवादात दाद मागितली. २०२४मध्ये लवादाने आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. कायद्याचा प्रश्न निकालात निघाला, जमिनीचा उरलाच. पॅनेल खोल पाण्यावर येणार की उथळ कडेला? पातळी दहा फूट उतरल्यावर ती कुठे असतील? पक्ष्यांच्या उतरण्याच्या जागा आणि जाळी टाकण्याच्या जागा नकाशावर एकावर एक ठेवल्या तर मोकळे क्षेत्र कुठे उरते? वीज हवी आहे, पक्षी हवे आहेत आणि मासेमारीही चालायला हवी. या तिन्हींचा हिशेब एका नकाशावर मांडण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. न्यायालयात जाण्याआधी ते वापरले गेले पाहिजे.

आणि नाथसागराचे भूदृश्य पैठणला संपत नाही. त्यात येणारे पाणी मुख्यतः नाशिक आणि अहिल्यानगरच्या वरच्या खोऱ्यांतले. समन्यायी वाटपावरून दर दुष्काळात होणारा वाद हा वरच्या आणि खालच्या भूदृश्याचाच वाद आहे.

पोटखराब, गायरान, माळ

सातबारा उघडून पाहा. लागवडीखालच्या क्षेत्राखाली ‘पोटखराब’ असा रकाना असतो. खडकाळ तुकडा, ओढ्याची घळ, पाणंद, असे जे काही नांगराखाली येत नाही ते तिथे नोंदले जाते. महसुलाच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण त्या जमिनीतून सारा मिळत नाही. पण खोकडीचे बीळ तिथेच असते. मधमाश्यांची पोळी, बोरी-बाभळी, तितरांची अंडी तिथेच. कपाशीवर आणि तुरीवर फिरणाऱ्या कीटकांचे बारमाही घर तिथेच. जेसीबीने बांध कोरून चार ओळी वाढवल्या की शिवारातले हे छोटे तुकडे एकेक करून पुसले जातात, आणि त्यांच्याबरोबर तुकड्यातुकड्याने पुढे सरकणाऱ्या जीवांची वाटही.

माळरानांचे दुखणे याहून मोठे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे माळ हे कमी पावसाच्या दख्खनचे अस्सल, जुने परिसर आहेत. लांडगा, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक यांना उघडी जमीनच लागते. तरी कागदावर माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटले की दोन गोष्टी होतात: तिथे उद्योग येतो किंवा खड्डे खणून गिरिपुष्प लावले जाते. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक परिसरांचा नकाशा केला, तो २०२२मध्ये पुढे आला. देशाचा सुमारे दहा टक्के भूभाग त्यांत मोडतो, आणि त्यातला फारच थोडा भाग संरक्षित क्षेत्रांत आहे. सावली देणारे झाड पुण्याचे असते, पण जिथे हजारो वर्षे गवत होते तिथे दाट झाडे लावल्याने लांडग्याचे घर मोडते.

या प्रश्नाला माणसाची बाजू आहे आणि ती टाळून कोणतेही शास्त्र मराठवाड्यात उभे राहू शकत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसून पिढ्या जगवल्या, त्यासाठी मार खाल्ला. त्या जमिनीवर आता गवत राखा असे वरून सांगणे अन्यायाचे होईल. सोलापूर-नगरच्या माळढोक अभयारण्याचा धडा डोळ्यांपुढे ठेवावा. १९७९मध्ये त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर ठरवले गेले. त्यात गावेच्या गावे, शेतेच्या शेते आली, लोकांचे व्यवहार अडले, नाराजी वाढली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. मोठी रेघ ओढून पक्षी वाचला नाही. कोणता माळ राखायचा, कोणत्या महिन्यात चराई थांबवायची, मेंढपाळाला त्या बदल्यात काय द्यायचे, असे बारीक काम लागते. ते गावाशी बोलूनच होते.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्या हाताशी एक भक्कम पाया आहे. इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाला. कोणती वनस्पती कुठे आहे याची नोंद त्यांनी घालून दिली. ती तिथेच का आहे, अजून आहे का, आणि पुढे राहील का, हे पुढच्या पिढीने सांगायचे आहे.

रस्ता, ऊस आणि बिबट्या

डिसेंबर २०१९मध्ये शहराच्या सिडको एन-१ भागात बिबट्या शिरला आणि बेशुद्ध करून पकडला गेला. जुलै २०२४मध्ये उल्कानगरी आणि प्रोझोन मॉलच्या परिसरात पुन्हा बिबट्या कॅमेऱ्यांत दिसला. शहर घाबरले. पिंजरे लागले.

विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेला अभ्यास अशा वेळी हाताशी हवा. २०१३मध्ये तो प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, उसाने भरलेल्या, दाट वस्तीच्या शिवारात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे राहत असल्याचे त्यात आढळले, आणि साधारण तितकेच तरस. हे बिबटे ‘वाट चुकलेले’ नव्हते. ते तिथलेच रहिवासी होते. त्यांच्याच अभ्यासातला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. २०१४मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. खरा आजोबा तोवर महामार्गावर वाहनाखाली सापडून मेला होता.

पैठण-गंगापूरच्या कालव्यांनी आपल्याकडे ऊस आणला आहे आणि उसाबरोबर बिबट्याला आडोसाही. म्हणून बिबट्या पकडून दूर सोडण्याने प्रश्न सुटत नाही. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येतो. कोणत्या गावांत गोठे उघडे आहेत, कोणत्या वाटेने मुले शाळेत जातात, ऊसतोडीच्या हंगामात आडोसा कोणत्या आठवड्यात संपतो, हे जाणून आधीच खबरदारी घ्यावी लागते.

रस्त्यांचेही तसेच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५मध्ये तो पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात शेंद्रा, सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव, जांबरगाव अशी त्याची आदानप्रदान केंद्रे आहेत. दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला हा रस्ता उत्तरेचा डोंगर आणि दक्षिणेचा गोदाकाठ यांच्यामध्ये आडवा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने त्यावर प्राण्यांसाठी भुयारी आणि उड्डाण मार्ग ठेवले गेले. असे मार्ग चालतात का? नागपूर-शिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली आहे. तिथे कॅमेरे लावून पाहणी झाली तेव्हा अठरा प्रजातींचे प्राणी त्याखालून जाताना नोंदले गेले. त्यांत वाघही होता. मात्र जागा अचूक निवडली तरच असे यश मिळते. ओढ्यापासून दोनशे मीटर बाजूला बांधलेला पूल सिमेंटचा खर्च ठरतो.

कन्नडच्या औट्रम घाटातला रस्ता तर अभयारण्यातूनच जातो. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस अतिवृष्टीने तिथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. बोगद्याचा विचार बरीच वर्षे चालू आहे. त्याचा आराखडा करताना अभियंत्याच्या शेजारी भूदृश्याचा अभ्यासक बसलेला असावा. दगड, पाणी आणि जनावर यांची तिथे एकच वाट आहे.

काम कसे चालते

या क्षेत्रात निम्मे काम पायांचे आणि निम्मे संगणकाचे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची चित्रे दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे १९७२पासूनची आहेत, त्यामुळे जायकवाडी भरण्याआधीचे गोदाखोरेही पाहता येते. आपल्या इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आहे. क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची प्रणाली मोफत आहे. साध्या लॅपटॉपवर सिल्लोड तालुक्याचा पन्नास वर्षांतला बदल एखादा विद्यार्थी घरी बसून काढू शकतो.

पण चित्रात हिरवे दिसते ते ऊस की बाभूळबन, हे जागेवर जाऊन पाहावे लागते. मग शिवार पायांखाली घालणे आले. ठरलेल्या रेषेवर चालत दर दोनशे मीटरला थांबायचे, जीपीएसवर जागा नोंदवायची, झाडांची जात, गवताची उंची, गुरांच्या खुणा लिहायच्या. विष्ठा सापडली तर हातमोजे घालून नमुना घ्यायचा. कॅमेरा पाऊलवाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर, सूर्य थेट भिंगात येणार नाही असा बांधायचा आणि समोरचे गवत कापायचे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांची हजारो छायाचित्रे गोळा होतात.

त्यानंतर गणित. प्रत्येक चौकोनाला अंक द्यायचा: लांडग्याला माळ सोपा, ऊस अवघड, चौपदरी रस्ता फारच अवघड. संगणक या अंकांवरून सर्वांत सोपी वाट काढतो. तारेतून वीज कमी रोधाच्या वाटेने जास्त जाते, त्याच सूत्रावर ‘सर्किटस्केप’ ही प्रणाली आधारलेली आहे. ही वाट खरी की कागदावरची, हे डीएनए सांगतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चौघांच्या नमुन्यांवर असा अभ्यास केला. एकच जमीन चौघांना वेगवेगळी अडते, असे त्यातून दिसले. म्हणून ‘वन्यप्राण्यांचा मार्ग’ असा एकच पट्टा सर्वांसाठी आखून भागत नाही.

शिक्षण आणि पोटापाण्याचे

या विषयाची वाट अनेक दारांतून उघडते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र, कृषी, वनशास्त्र, स्थापत्य, संगणक, यांपैकी कोणतीही पदवी चालते. पुढच्या शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२), तिथलीच भारतीय सुदूर संवेदन संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि एट्री ही मोठी ठिकाणे आहेत. जवळ पाहायचे तर पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे, आणि प्रकाश गोळे यांनी १९८२मध्ये सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी. नोकरी सांभाळून परिसर पुनरुज्जीवन शिकण्याची सोय गोळे यांनी मराठी माणसाला करून दिली.

कामे कुठे मिळतात? वनखाते आणि लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षा हा जुना रस्ता. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पाणलोटात काम करणारी वॉटरसारखी संस्था, रस्ते आणि ऊर्जा प्रकल्पांचे पर्यावरण आघात अहवाल करणाऱ्या कंपन्या, महापालिकांचे विकास आराखडे, गावोगावच्या जैवविविधता समित्या. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी आकार घेत आहे. बिडकीन तर शहर आणि नाथसागर यांच्या मधोमध. तिथले ओढे कारखान्यांच्या भिंतींखाली गाडायचे की हिरव्या पट्ट्या म्हणून राखायचे, हे ठरवायला माणसे लागणारच आहेत.

पालकांपुढे खरे चित्र ठेवले पाहिजे. सुरुवातीची बहुतेक कामे प्रकल्पावरची, दोन-तीन वर्षांच्या कराराची. केंद्र सरकारच्या नियमानुसार कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहे; खाजगी संस्था अनेकदा त्याहून कमी देतात. स्थिर पद मिळेपर्यंत तिशी उलटते. मुलींना रानात मुक्कामाचे काम करताना सुरक्षेचा आणि स्वच्छतागृहाचा साधा प्रश्न अजून भेडसावतो. ज्याला दहा ते पाच हवे त्याने इकडे वळू नये. पण ज्याला नकाशा वाचता येतो, गणिताची भीती नाही आणि गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येते, त्याला काम कमी पडणार नाही.

तिसऱ्या अटीत मराठवाड्याची मुले कोणाच्याही पुढे आहेत, आणि भाषेबरोबर शिवारही त्यांच्या ओळखीचे असते. पवन्या आणि कुसळी यांतला फरक, रोह्यांचा कळप कोणत्या शेतातून कोणत्या वेळी जातो, ओढ्याला पूर आला की पाणी कुठल्या बांधावरून फुटते, हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. गुरे राखलेल्या मुलाला ते पाठ असते. उणीव आहे ती या ज्ञानाला आकड्यांची आणि नकाशाची जोड देण्याची.

ती जोड देण्यासाठी लागणारे सगळे या शहरात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र हे विभाग एकाच आवारात, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत. पैठण रस्त्यावर १९८०पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली वाल्मी, आहे. राज्याचे मृद व जलसंधारण आयुक्तालयही याच शहरात. उत्तरेला गौताळा, दक्षिणेला नाथसागर, मध्ये माळ आणि शिवार. या सर्व विभागांना आणि संस्थांना एकत्र बसवून भूदृश्य परिसंस्थाशास्त्राचा दोन वर्षांचा मराठी-इंग्रजी अभ्यासक्रम सुरू करायला नवी इमारत लागत नाही. पाच विभागप्रमुख आणि एक कुलगुरू यांची इच्छा लागते. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने प्रत्येकी एक पद या विषयाच्या अभ्यासकासाठी निर्माण करावे. नदीचा काठ, गायरानाचा वापर किंवा रस्त्याची आखणी ठरते त्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी.

आणि बारावीनंतर काय करायचे या विचारात असलेल्या मुलामुलींना एवढेच सांगणे: या दिवाळीच्या सुटीत आपल्या गावाचा नकाशा काढा. ओढे, बांध, पोटखराब, गायरान, विहिरी, जुनी झाडे आणि जनावरांच्या वाटा त्यावर दाखवा, मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून पन्नास वर्षांपूर्वीचा दुसरा नकाशा काढा. दोन्हींतला फरक समजून घ्यावासा वाटला, तर हा विषय तुमचा आहे. मराठवाड्याला तुमची गरज आहे.